सीनमध्ये गाणं लिहिण्याआधी

नव्या लेखकांच्या पटकथा माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘मागे गाणं सुरू होतं.’ मग गाण्याचं नाव, कधी गायिकेचंही, आणि लेखकाचा फारच जीव जडलेला असेल तर दोन कडवी जशीच्या तशी. वाचताना ते गाणं मला ऐकू येतं, डोळ्यांत पाणी येतं आणि लगेच पोटात गोळा येतो. ते पाणी पटकथेने काढलेलं नसतं. दुसऱ्याच्या गाण्याने काढलेलं असतं आणि त्याचं बिल अजून यायचं असतं.

ते बिल मी पाहिलंय. माझी पहिली शॉर्टफिल्म गिरगावातल्या एका चाळीत शूट झाली. शेवटच्या सीनमध्ये आजी ट्रान्झिस्टरवर एक जुनं भावगीत ऐकते आणि त्यासोबत ओठ हलवते. सेटवर आम्ही खरंच ते गाणं लावलं, आजींनी सुंदर काम केलं, एडिटरने गाण्याच्या ठेक्यावर कट लावले. परवानगीचं पत्र आम्ही पाठवलं ते एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे कट पक्के झाल्यावर. ज्या म्युझिक कंपनीकडे हक्क होते तिने सांगितलेली रक्कम आमच्या अख्ख्या फिल्मच्या खर्चापेक्षा जास्त होती. कंपनीचं काही चुकलं नव्हतं, माल त्यांचा होता. चूक माझी होती आणि ती एडिटला झाली नव्हती, कागदावर सीन लिहितानाच झाली होती.

म्हणून हा लेख निर्मात्यांपेक्षा लेखकांसाठी आहे. लिहिताना पुढच्या गोष्टी याच क्रमाने डोक्यात असू द्या.

आधी गाण्याचे तुकडे करा

आपण ‘गाणं’ म्हणतो ती एक वस्तू नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या हिशोबाने तिथे किमान तीन वस्तू आहेत. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती. आणि स्टुडिओत त्या दिवशी त्या गायिकेने गायलेलं, त्या वादकांनी वाजवलेलं जे टेपवर उतरलं, ते ध्वनिमुद्रण. तिघांचे मालक वेगळे असू शकतात आणि तिघांची मुदतही वेगळी मोजली जाते.

आता तुमचा सीन या तीन खणांत टाकून बघा. टपरीवरच्या रेडिओवर मूळ रेकॉर्ड वाजतेय: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण, तिन्ही लागले. नायिका भांडी घासताना तेच गाणं स्वतः गुणगुणते: ध्वनिमुद्रण सुटलं, पण शब्द आणि चाल लागलीच. विसर्जनाच्या मिरवणुकीत बँजो पथक सिनेमातल्या गाण्याची नुसती धून वाजवतंय: शब्द नाहीत, पण चाल आहे. नायक टीव्हीवर गाणं बघतोय आणि पडदा आपल्याला दिसतोय: आता त्या सिनेमाच्या दृश्यांचाही हक्क आला. मोबाइलची रिंगटोनसुद्धा यातच धरा. सगळे विसरतात ती हीच.

आणि एखाद्या पात्राने गाण्याचं फक्त नाव घेतलं तर? ‘आईला ते अमुक गाणं फार आवडायचं.’ बिनधास्त लिहा. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका सिनेमाच्या नावाच्या खटल्यात स्पष्ट केलंय. मला विचाराल तर कित्येक सीनमध्ये नाव घेणं हे गाणं वाजवण्यापेक्षा जास्त भिडतं. प्रेक्षक ते आपापल्या डोक्यात वाजवतो आणि तिथे कोणी बिल पाठवत नाही.

कागदावर काय लिहायचं

निर्माता मिळण्याआधी, स्वतःच्या जिवावर लिहिलेल्या पटकथेत गाण्याचं नाव आलं म्हणून कोणी कोर्टात जात नाही. कागदावरचा उल्लेख म्हणजे वापर नव्हे. पण वाचणारा निर्माता, किंवा त्याच्या ऑफिसातला पटकथा वाचायला बसवलेला मुलगा, प्रत्येक प्रसिद्ध गाण्यापुढे मनातल्या मनात रुपये मांडतो. अशी पाच गाणी आली की तुमची ‘छोट्या बजेटची’ फिल्म त्याच्या लेखी छोटी राहत नाही.

खरा मुद्दा मात्र पैशांचा नाही. हा मसुदा बघा:

‘दादर स्टेशन, संध्याकाळ. मागे ते प्रसिद्ध विरहगीत सुरू होतं. सुमनच्या डोळ्यांत पाणी.’

आणि हा:

‘दादर स्टेशन, संध्याकाळ. चहाच्या स्टॉलवर रेडिओ. जुनं, संथ भावगीत. बाईचा आवाज, गर्दीत शब्द कळत नाहीत. सुमन समोरची लोकल सोडते. पुढचीही सोडते. स्टॉलवाला न विचारता दुसरा कटिंग तिच्यापुढे ठेवतो.’

पहिल्या मसुद्यातून गाणं काढा, काहीच उरत नाही. दुसऱ्यातून काढा, सुटलेल्या दोन लोकल आणि एक कटिंग उरतो. मी आता प्रत्येक सीनची ही परीक्षा घेते. गाण्याच्या ओळीवर पट्टी ठेवायची आणि उरलेला सीन वाचायचा. पांगळा वाटला तर सीन परत लिहायचा, गाणं नंतर बघू.

गाण्याचं वर्णन करताना त्याचं काम लिहा: काळ दाखवायचाय का (साठच्या दशकातला ऑर्केस्ट्रा), जागा दाखवायचीय का (शेजारच्या खोलीतून येणारी आरती), की पात्राची खोड दाखवायचीय (दर वेळी तिसऱ्या ओळीला चुकणारा काका). लय, आवाज, वाद्यं लिहा. तेवढ्यावर संगीतकार नवीन काही करू शकतो. तुमच्या मनात नेमकं गाणं असेल तर ते दिग्दर्शकाला वेगळ्या कागदावर ‘रेफरन्स’ म्हणून द्या.

अंतरे उतरवून काढणं टाळाच. पटकथा विकताना तुम्ही जो करार सही कराल त्यात बहुधा एक कलम असतं: मजकूर माझा स्वतःचा आहे, त्यात दुसऱ्या कोणाच्या हक्काचं उल्लंघन नाही, निघालं तर भरपाई मी करीन. नवीन माणूस ते कलम वाचत नाही. दुसऱ्याच्या आठ ओळी आत ठेवून ‘मजकूर माझाच’ असं लिहून देणं बरं नाही.

तेच गाणं हवंय की तसं गाणं हवंय?

दहापैकी आठ वेळा उत्तर ‘तसं’ असतं. मग नवीन गाणं करा. तुम्हाला गीत लिहिता येत असेल तर स्वतः लिहा, पण एक लक्षात ठेवा: पटकथेचं मानधन वेगळं आणि गीताचं वेगळं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कायमचा सोडून देता येत नाही. कुठे तसं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. थिएटरात सिनेमासोबत गाणं दाखवलं जातं तेवढं यातून वगळलंय, बाकी ठिकाणी हक्क शाबूत. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीसाठी किल्ला लढवला होता. तेव्हा ‘दोन ओळी टाकून देतो, चालतंय’ असं म्हणून गीत फुकट देऊ नका. गीतकार म्हणून श्रेय घ्या आणि आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे आणि कारभार मुंबईतूनच चालतो.

उरलेल्या दोन वेळा कथाच त्या गाण्यावर उभी असते. पात्राचं नाव त्यावरून ठेवलंय, किंवा शेवटचं रहस्य त्याच्या दुसऱ्या कडव्यात आहे. मग पटकथा पूर्ण करण्याआधीच चौकशी सुरू करा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं काय होतं ते वर सांगितलंच.

‘जुनं आहे, म्हणजे मोफत’: इथे घाई नको

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

शब्द आणि चाल यांची मुदत: निर्मात्याचं, म्हणजे कवीचं किंवा संगीतकाराचं, आयुष्य आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. पूर्वी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपायला आले तेव्हा सरकारने ती १० वर्षांनी वाढवली. ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी: ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, गायिका हयात असो वा नसो.

आता उदाहरण घ्या. गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. सत्तर वर्षं उलटली, म्हणजे मोकळं? गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चाली २०६२ अखेरपर्यंत. रेकॉर्ड जुनी झाली म्हणून खालचे शब्द आणि चाल जुनी होत नाही. साठ वर्षांपूर्वीची तबकडी चोरबाजारातून आणून तिचं ध्वनिमुद्रण मोकळं असल्याचं सिद्ध केलंत तरी कवीचे वारस दारात उभे राहू शकतात.

उलट बाजूने: तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण त्यांना श्रीनिवास खळ्यांनी दिलेल्या चाली खळ्यांच्या, आणि ते २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. तुमच्या सीनमध्ये विरारच्या लोकलमधली भजनी मंडळी अभंग म्हणतायत ना, तर ते कोणत्या चालीवर म्हणतायत हे विचारा. वारकरी परंपरेतली चाल असेल तर रान मोकळं. रेडिओवर ऐकलेली असेल तर नाही. आणि ही मंडळी बऱ्याचदा सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात, हे लोकलने फिरणाऱ्याला सांगायला नको. सीन म्हणून बहारदार, पण मग चालीची परवानगी काढावी लागणार.

नाट्यसंगीतात खूप काही मोकळं झालंय. ‘संगीत मानापमान’ १९११ चं. नाटककार आणि पदकर्ते खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. पदं आणि चाली दोन्ही मोकळ्या. आपल्या गायकाकडून नव्याने गाऊन घ्या, कोणी अडवणार नाही. मात्र मागच्या दशकातली एखाद्या गायकाची रेकॉर्डिंग उचलू नका, ते ध्वनिमुद्रण ताजं आहे.

बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची साठ वर्षं प्रकाशनानंतर मोजतात, म्हणून ते शब्द २०१३ पासून मोकळे. इथेही चाल कोणाची, हा प्रश्न वेगळाच.

अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले. मुंबईवरची फिल्म करणाऱ्याला त्यांची छक्कड खुणावतेच, पण २०२९ संपेपर्यंत शब्दांची परवानगी लागेल. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या लावण्यांचे शब्द २००६ पासून मोकळे.

आणि लोकगीतांचा चकवा. वेसाव्याच्या, वरळीच्या कोळीवाड्यातल्या लग्नाचा सीन असला की लेखक लिहितो ‘पारंपरिक कोळीगीत’ आणि मनात असतं ‘मी डोलकर’. ते पारंपरिक नाही. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. शांताबाई २००२ मध्ये गेल्या. जे गाणं सगळ्यांना पाठ आहे ते सगळ्यांच्या मालकीचं असतं असं नाही. उलट, इतकं पाठ आहे म्हणजे कोणीतरी रेकॉर्ड करून घरोघर पोचवलंय, असा संशय आधी घ्या.

जिन्यात ऐकू येणारी कायद्याची कलमं

वर्सोव्यातल्या आरामनगरात सिनेमावाल्यांची ऑफिसं आहेत, तिथल्या कुठल्याही ऑफिसच्या जिन्यात उभं राहिलं की फुकट सल्ले मिळतात. ‘आठ सेकंदांपर्यंत चालतं.’ कोणी तीस म्हणतं. असा सेकंदांचा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात गायिकेने म्हटलेल्या काही ओळी हा क्षुल्लक वापर आहे, असं म्हटलं होतं. पण ते खटला लढल्यावर मिळालेलं उत्तर. शॉर्टफिल्मच्या बजेटमध्ये खटल्याचा खर्च धरलेला नसतो.

‘श्रेयनामावलीत नाव देऊ.’ जरूर द्या. ते सौजन्य झालं, परवानगी नव्हे.

‘आम्ही कमावतच नाही.’ कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, शिक्षण अशा सवलती आहेत. कथापटातला सीन यांपैकी काही नाही. फेस्टिव्हलला पाठवलेली फिल्म ही सार्वजनिकच.

‘बॅकग्राऊंडला ओझरतं येतं.’ ओझरतं आलेलं चालतं ही सवलत चित्रं-शिल्पं अशा कलाकृतींसाठी आहे. भिंतीवरचं चित्र मागे दिसलं तर सुटका, भिंतीपलीकडचं गाणं ऐकू आलं तर नाही.

‘लग्नात वाजवायला परवानगी लागत नाही.’ बरोबर. लग्नसमारंभात आणि वरातीत गाणी वाजवायला कायद्याने सूट दिलीय. पण तुमच्या सीनमधलं लग्न खोटं आहे, कायद्याच्या दृष्टीनेसुद्धा.

‘रीलवर तेच गाणं फुकट मिळतं.’ ते त्या ॲपपुरतं. ॲपने कंपनीशी केलेला करार तुमच्या फिल्मला लागू होत नाही. यूट्यूबवर टाकलीत तर काही मिनिटांत यंत्रणा गाणं ओळखते आणि जाहिरातीचं उत्पन्न मालकाकडे वळतं, किंवा व्हिडिओच बंद होतो.

‘आपण कव्हर करू’, म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करू. कायद्यात कव्हर व्हर्जनची खास तरतूद आहे खरी: मूळ रेकॉर्डनंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, रॉयल्टी आगाऊ भरायची, वगैरे. ती ध्वनिमुद्रणापुरती. सिनेमात बसवायला शब्द आणि चालीची परवानगी स्वतंत्रच घ्यावी लागते.

एक नवा सल्ला हल्ली ऐकते: ‘एआयने त्यांच्या आवाजात काढू.’ जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. शब्द-चालीच्या परवानगीच्या कटकटीत आणखी एक कटकट कशाला?

पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवली किंवा सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे गाणंही कायदेशीर झालं, असंही काही जण समजतात. नोंदणीने तुमच्या लिखाणाची तारीख सिद्ध होते. सेन्सॉर बोर्ड कॉपीराइट तपासत नाही. आणि शिक्षेचं कलम फक्त भिंतीला टांगलेलं नाही: जाणूनबुजून उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय. शॉर्टफिल्मवाल्याला सहसा तुरुंग लागत नाही. फिल्म डब्यात पडते, एवढं पुरेसं आहे.

मालक शोधा

सिनेमातलं गाणं असेल तर काम तुलनेने सोपं. बहुतेक निर्मात्यांनी संगीताचे हक्क म्युझिक कंपनीला दिलेले असतात आणि शब्द, चाल, ध्वनिमुद्रण तिन्ही एकाच दारात सापडण्याची शक्यता मोठी. रेकॉर्डवर, कॅसेटवर किंवा ॲपवर गाण्याखाली बारीक अक्षरांत नाव असतं, तिथून सुरुवात करा. जुन्या तबकडीवर ‘एचएमव्ही’ असेल तर आजचं दार सारेगामाचं. कॅसेटच्या जमान्यातल्या छोट्या कंपन्यांचे संग्रह पुढे विकले गेलेत, त्यामुळे एकाच गाण्यावर दोघांनी हक्क सांगितल्याचंही घडतं. म्हणून ज्याच्याकडून परवानगी घ्याल त्याला विचारा, हक्क तुमच्याकडे कोणत्या कराराने आले? हा प्रश्न उद्धट नाही. यूट्यूबवर ज्याने गाणं चढवलंय तो मालक असेलच असं नाही.

भावगीतं, कविता, नाट्यपदं यांत मात्र तीन दारं ठोठवायची तयारी ठेवा: कवी किंवा वारस, संगीतकार किंवा वारस, आणि रेकॉर्ड कंपनी. कवीचे वारस शोधायला पुस्तकाचा प्रकाशक उपयोगी पडतो. दोन मुलगे, एक मुलगी, एक परदेशात, असं असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतील. इथे फोन करताना घाईने ‘राइट्स’ची भाषा सुरू करू नका. आधी सीन सांगा. वारसांना बऱ्याचदा पैशापेक्षा, आपल्या बाबांची कविता कुठल्या तोंडी घातलीय, याची काळजी असते. ती काळजी कायद्यातही आहे: हक्क विकले तरी कृतीची विटंबना झाली तर कलम ५७ खाली कवी किंवा त्याचे वारस हरकत घेऊ शकतात. भक्तिगीतावर मारामारी कापणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

आयपीआरएसचा परवाना आणि ही परवानगी यांत गल्लत करू नका. हॉटेलात, कार्यक्रमात गाणी वाजवायचा परवाना वेगळा. दृश्यासोबत गाणं बांधायचं, ज्याला इथे सगळे ‘सिंक’ म्हणतात, ती मालकाशी थेट बोलून घ्यायची गोष्ट.

पत्र आणि पैसे

पहिलं पत्र एका पानाचं असावं. फिल्मचं नाव, निर्माता, लांबी. कोणतं गाणं, कोणाच्या आवाजातलं. किती सेकंद आणि कुठून कुठपर्यंत. कसं वापरणार: मूळ रेकॉर्ड, पात्राने गायलेलं, की नुसती धून. सीनचा चार ओळींत सारांश. कुठे दाखवणार: फेस्टिव्हल, थिएटर, ओटीटी, टीव्ही. भारतात की जगभर, किती वर्षं. सोबत त्या सीनची पानं जोडा. एवढं असलं की समोरचा माणूस रक्कम सांगू शकतो. ‘सर, तुमच्या एका गाण्याचे राइट्स हवे होते’ एवढ्याच मेलला उत्तर येत नाही आणि लोक म्हणतात कंपन्या नव्यांना विचारत नाहीत.

ठरलेला दर नसतो. गाणं किती प्रसिद्ध, किती सेकंद, पडद्यावर पात्रं त्यावर ओठ हलवतात की मागे वाजतं, आणि फिल्म कुठे जाणार, यावर भाव हलतो. ट्रेलरमध्ये वापर बहुधा वेगळा धरतात, तेव्हा तो आधीच मागून घ्या. पैसे कमी असतील तर फक्त फेस्टिव्हलपुरती परवानगी मागा, पण त्याच कागदावर लिहून घ्या की उद्या ओटीटीने फिल्म घेतली तर उरलेली रक्कम किती. हे न लिहिलेल्या माझ्या एका मित्राला नंतर सांगितलेला आकडा ऐकून चार दिवस जेवण गेलं नाही.

करारात काय बघायचं? परवानगी लेखी आणि सही केलेली हवी. व्हॉट्सॲपवर अंगठा आला म्हणजे करार झाला नाही. काळ लिहिलेला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पाच वर्षांनी ओटीटीवरून फिल्म उतरवायची नसेल तर हे दोन रकाने कोरे सोडू नका. आणि समोरच्याने लिहून द्यायला हवं की हक्क आमचेच आहेत, तिसरा कोणी आला तर आम्ही निस्तरू. सहीआधी वकिलाला दाखवा. त्याची फी गाण्याच्या रकमेपुढे किरकोळ असते.

पुढे ओटीटी किंवा वितरक फिल्म घेताना क्यू शीट मागतो: कोणतं संगीत कुठल्या मिनिटाला, किती सेकंद, कोणाचं. ती एडिट चालू असतानाच भरत जा. सहा महिन्यांनी आठवत बसलात तर ती रिंगटोन नक्की राहून जाते.

शूटिंगच्या दिवशी

परवानगी हातात नसेल तर सेटवर ते गाणं लावू नका. नाचाचा सीन असेल तर त्या लयीचा नुसता ठेका वाजवा. संवादांचा आवाज स्वच्छ घ्या. लालबागला गणपतीत शूट करणार असाल तर मंडळाच्या लाउडस्पीकरवरचं गाणं संवादात मिसळलं की ते वेगळं काढता येत नाही. तिथे फक्त दृश्यं घ्या, आवाज नंतर बांधा. आणि आमच्यासारखे ओठ हलवू देऊ नका.

आमच्या फिल्मचं काय झालं ते राहिलं. आजींचा समोरचा शॉट टाकून द्यावा लागला. पाठमोरा एक शॉट होता, खिडकीकडे बघतानाचा. डबिंगला आजींना विचारलं, तुम्हाला काही येतं का, अगदी जुनं, कोणी न लिहिलेलं? त्यांनी आईकडून ऐकलेली जात्यावरची एक ओवी म्हटली, मध्येच एक ओळ विसरल्या, थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. तेच ठेवलं. मग मी त्यांच्यापुढे एक पानी संमतिपत्र ठेवलं, कारण गाणाऱ्याचाही हक्क असतो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, मला म्हणाल्या, “अगं, माझ्या आईच्या ओवीलाही कागद?” आणि सही करून पेन माझ्याच पर्समध्ये टाकलं.